सात चुली, एक छप्पर: ‘एक म्हापसेकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार म्हापसेकर,

तुमची प्रतिक्रिया येऊन अकरा दिवस झाले. उत्तर टाळत होतो असं समजू नका. त्यातले चार दिवस आमच्याकडे गोव्यात, अंत्रुजात (फोंड्याकडे) पावसाने लाइट येत-जात होती, आणि उरलेले दिवस तुमचं म्हणणं पचवण्यात गेले. कारण त्यातलं निम्मं खरं आहे.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गावातल्या सात मंडळींचे ब्लॉग वर्डप्रेस या ब्लॉग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एकाच इन्स्टॉलेशनवर, प्रत्येकाला सबडोमेन (मूळ पत्त्याच्या आधी त्याचं नाव) देऊन, कसे आणले ते मी पाडव्याच्या सुमारास लिहिलं होतं. भजनी मंडळ, दोन नाट्यमंडळं, वाचनालय, शाळेचे माजी विद्यार्थी, महिला मंडळाच्या पाककृती आणि देवळाचे उत्सव. त्यावर म्हापसेकर विचारतात की एक पडली की सातही पडणार, हा कसला जुगाड? डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या नोंदींत) एक तारा, म्हणजे * हे चिन्ह, टाकायचा, एवढ्याशा कामाचं एवढं पुराण कशाला? आणि शेवटी: ‘सातही मंडळांना तुम्ही आपले भाडेकरू करून ठेवलंत आणि त्यांना ते कळलंही नाही.’

शेवटचं वाक्य लागलं. त्याच्याकडे येतोच.

सातही पडणार, हे बरोबर. पडल्या आहेत. गेल्या वर्षी कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत आमच्या एका मंडळाचा प्रयोग होता. आदल्या रात्री साडेदहाला मला अवदसा आठवली आणि मी एक प्लगइन (वर्डप्रेसला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम) अपडेट केलं, फोटोंची पट्टी सरकवणारं. ते सगळ्या नेटवर्कसाठी चालू केलेलं होतं, त्यामुळे सातही पत्त्यांवर गंभीर त्रुटी आल्याची ती एक कोरडी ओळ दिसायला लागली. वर्डप्रेसच्या ५.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, असं झालं की अ‍ॅडमिनला ईमेल येतो आणि त्यातल्या लिंकवरून आत शिरून बिघडलेलं प्लगइन बंद करता येतं. मल्टिसाइटवर, म्हणजे आमच्यासारख्या एका इन्स्टॉलेशनवरच्या अनेक साइटींवर, ही सोय चालत नाही. हे मला त्या रात्री कळलं, ईमेलची वाट बघून बघून. शेवटी होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदललं, तेव्हा साइट परत उभ्या राहिल्या. प्रयोगाच्या वेळेची चौकशी करणारे फोन तोवर दिग्दर्शकाला गेलेले होते, आणि दिग्दर्शकाचा मला. हा मुद्दा तुमच्या बाजूचा, पण तुमच्याकडून राहिला होता, म्हणून मीच देतो.

‘वेगळ्या ठेवल्या असत्या तर हे झालं नसतं’ हे तुमचं पुढचं वाक्य मात्र मान्य नाही. त्या वेगळ्याच होत्या. पाच वर्षं होत्या.

सात इन्स्टॉलेशनं, सात डेटाबेस, सात पासवर्ड आणि सांभाळणारा मी एकटा, तोही नोकरी करून. ज्या मंडळाचा सेक्रेटरी फोन करून डोकं खाई त्याचं अपडेट होई. भजनी मंडळातली माणसं स्वभावाने गरीब, ती कधी फोन करत नसत. त्यांची साइट अडीच वर्षं होती तशी राहिली. मग मुंबईहून एका वाचकाने कळवलं की गूगलवरून अभंगाच्या पानावर जायला गेलं की औषधांचं कसलंसं दुकान उघडतं. मी पत्ता टाइप करून बघितला तर अभंग जागच्या जागी. असं दोन-तीनदा झालं, मला वाटलं त्याच्याच फोनमध्ये काहीतरी असेल. फक्त गूगलवरून येणाऱ्यालाच बाहेर वळवायचं, म्हणजे मालकाला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही, ही या घुसखोरांची जुनी युक्ती आहे.

आणि ते भजनी मंडळापाशी थांबले नाहीत. सात इन्स्टॉलेशनं होती खरी, पण एकाच शेअर्ड होस्टिंगच्या एकाच खात्यात, शेजारशेजारच्या फोल्डरांत. सर्व्हरच्या लेखी सगळ्या फाइलींचा धनी एकच युजर. त्यामुळे अभंगांच्या फोल्डरात शिरलेली घुसखोरांची पीएचपी फाइल (सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम) वाचनालयाच्या फोल्डरात लिहू शकत होती, आणि तिने लिहिलंच. साफसफाई करताना सातपैकी पाच ठिकाणी ती सापडली, तीही अपलोडच्या फोल्डरात, २०१६ सालच्या फोटोंमध्ये बसलेली. मधल्या भिंती फक्त माझ्या डोक्यात होत्या.

खरं वेगळेपण हवं असेल तर सात होस्टिंग खाती हवीत आणि सात सांभाळणारी माणसं. खाती पैसे टाकून मिळतात. माणसांचं तुम्हीच सांगा. तुम्ही बंगळुरात, माझा पुतण्या पुण्यात. मागे उरलेल्या एकाला पावसाआधी कौलं परतायची असतील तर एकच छप्पर परवडतं. आता दर मंगळवारी रात्री आधी बॅकअप, मग चाचणीच्या प्रतीवर अपडेट, ते नीट चाललं तर खऱ्यावर. एका वेळी सातही. त्या गरीब भजनी मंडळाचंही.

‘जुगाड’ या शब्दाबद्दल एवढंच, की आधी वर्डप्रेस एमयू म्हणून वेगळं मिळणारं हे प्रकरण २०१० मध्ये ३.० आवृत्तीत मूळ वर्डप्रेसमध्येच आलं, आणि खुद्द वर्डप्रेस डॉट कॉम याच पद्धतीवर चालतं.

आता तो तारा. कागदावर तुमचं बरोबर आहे. डोमेनच्या नोंदींत नावाच्या जागी फुलीसारखं ताऱ्याचं चिन्ह घालायचं, समोर सर्व्हरचा आयपी पत्ता, आणि मग कुठलंही सबडोमेन टाइप केलं तरी ते आपल्या दारात येतं. नवीन मंडळ आलं की डीएनएसला हात लावायला नको. मी पण असंच समजून होतो.

मग वाचनालयाच्या एका तरुण कार्यकर्तीला हौस आली की आपल्या ब्लॉगवर लोक काय शोधत येतात ते गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये बघावं. गूगल म्हणतं, पत्ता तुमचाच आहे हे दाखवायला डीएनएसमध्ये ही टीएक्सटी, म्हणजे नुसत्या मजकुराची, नोंद घाला. मी वाचनालयाच्या सबडोमेनच्या नावावर ती नोंद घातली आणि चहा प्यायला गेलो. संध्याकाळी तिचा फोन, ‘काका, वाचनालय उघडत नाही.’ माझ्या फोनवर उघडत होतं. बाकीचे सहा ब्लॉग दोघांकडेही उघडत होते. मी साइटचं सुरक्षेचं (https चं) सर्टिफिकेट तपासलं, एचटीअ‍ॅक्सेस फाइल तपासली, कॉन्फिग फाइल ओळीओळीने वाचली, वर्डप्रेसमध्ये ती साइट चुकून बंद केली का तेही पाहिलं. रात्री दहाला डीएनएसला थेट विचारणारी डिग कमांड चालवून वाचनालयाच्या नावाचा पत्ता मागितला तर उत्तराची जागा रिकामी. वेड्यासारखं एखादं नाव, ‘अबकड’ म्हणून, टाकलं तर मात्र लगेच आयपी मिळाला! जे नाव कधी ठेवलंच नाही ते सापडतंय, आणि वाचनालय सापडत नाही.

कारण असं, की तारा फक्त अशा नावांना लागू होतो जी नोंदींत मुळीच नाहीत. मी वाचनालयाच्या नावावर एक टीएक्सटी नोंद घातली, त्याक्षणी ते नाव ‘असलेलं’ झालं. त्या नावावर आयपीची नोंद आहे का? नाही. मग ताऱ्याकडे बघायचं कारण उरलं नाही. माझ्या फोनला जुनं उत्तर आठवत होतं म्हणून मला ते चालू दिसत होतं, एवढंच. वाचनालयाच्या नावावर आयपीची स्वतंत्र नोंद टाकली आणि काम झालं. एका ओळीचं काम, पाच तासांचं पुराण. म्हणून ते पुराण लिहिलं.

ताऱ्याचंच सर्टिफिकेटही मिळतं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१८ च्या मार्चपासून ते फुकट देते, मात्र त्यासाठी डीएनएसमध्ये नोंद घालून दाखवावी लागते, नुसती सर्व्हरवर फाइल ठेवून भागत नाही. मी घेतलंय ते ९० दिवसांचं, त्यामुळे नूतनीकरण आपोआप होईल असं आधीच लावून ठेवावं. ते एकाच पायरीपुरतं चालतं, आणि मूळ डोमेनचं नाव त्यात वेगळं लिहून घ्यावं लागतं. पहिल्या वेळी मी ते विसरलो होतो. सातही ब्लॉग सुरक्षित आणि मुख्य पानावर ब्राउझरचा इशारा.

आता भाडेकरू.

मल्टिसाइटमध्ये दोन थर असतात. प्रत्येक मंडळाचा माणूस आपल्या साइटचा अ‍ॅडमिन, आणि वर सुपर अ‍ॅडमिन, म्हणजे मी. साइटच्या अ‍ॅडमिनला प्लगइन किंवा थीम बसवता येत नाही. मी बसवून दिलेल्यांतून निवडायचं. लेखात नकाशाचा आयफ्रेम कोड चिकटवून तो सेव्ह केला की तो कोड गुपचूप गळून जातो, कारण तसा कोड टाकायची मुभा फक्त सुपर अ‍ॅडमिनला असते. देवळाच्या जात्रेचा नकाशा तीनदा नाहीसा झाल्यावर पुजाऱ्यांच्या मुलाला वाटलं मीच तो काढतोय. फोटोंचंही तसंच. नेटवर्कमध्ये एका फाइलची मर्यादा मुळात १५०० केबी असते आणि हल्लीच्या फोनचा फोटो सहज त्याच्या दुप्पट-तिप्पट निघतो. गेल्या चवथीला (गणेशचतुर्थीला) महिला मंडळाच्या बायकांनी माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या आराशीचे, फोटो चढवायचा अर्धा दिवस प्रयत्न केला, एकही चढला नाही, आणि संकोचाने कोणी मला सांगितलंही नाही. मला कळलं तेव्हा माटोळीचं सामान उतरवून झालं होतं. मर्यादा वाढवणं म्हणजे सेटिंगमधला एक आकडा बदलणं. तो बदलायचा हक्क फक्त माझ्याकडे आहे आणि तो आकडा तिथे आहे हेही फक्त मला माहीत होतं. या अर्थाने भाडेकरू म्हणालात ते खोटं नाही.

घर सोडून जाता येतं का, हा त्यातला खरा प्रश्न. जाता येतं, पण मी लेखात लिहिलं तितकं सोपं नाही. प्रत्येक साइटचे लेख डेटाबेसमध्ये वेगळ्या तक्त्यांत असतात, तक्त्याच्या नावातच साइटचा क्रमांक असतो. फोटोही ‘साइट्स’ फोल्डरात त्याच क्रमांकाखाली. वापरणाऱ्यांची यादी मात्र सातांची मिळून एकच. दुसऱ्या नाट्यमंडळाने यंदा स्वतःचं बिऱ्हाड केलं तेव्हा आधी एक्सपोर्टची फाइल काढली. तिच्यात लेख आणि प्रतिक्रिया येतात. फोटो येत नाहीत, फक्त त्यांचे पत्ते येतात, आणि जुनी साइट जिवंत असेपर्यंतच नवीन साइट ते ओढून घेऊ शकते. विजेट, थीमची सजावट त्यात नाहीच. म्हणून शेवटी त्यांचे तक्तेच उचलून दिले. त्यातला जुना पत्ता बदलताना साधं शोधा-बदला वापरलं असतं तर सजावट मोडली असती. वर्डप्रेस काही सेटिंग अशी साठवतं की मजकुराशेजारी त्याची लांबी लिहिलेली असते, पत्ता लहान-मोठा झाला की हिशेब चुकतो. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसला कमांड देणाऱ्या साधनाची शोध-बदल कमांड तो हिशेब सांभाळते. दोन संध्याकाळी गेल्या. त्यांच्याकडे मी नसतो तर त्यांनी हे कोणाकडून करून घेतलं असतं, याला माझ्याकडे उत्तर नाही. त्यांची जागा शाळेच्या चित्रकला वर्गाने घेतली, म्हणून आकडा अजून सातच.

‘पत्ता कायम तुमचाच राहणार’ हे तुमचं म्हणणं मात्र चुकलं. २०१६ च्या ४.५ आवृत्तीपासून नेटवर्कमधल्या साइटला तिचं स्वतःचं पूर्ण डोमेन वेगळ्या प्लगइनशिवाय देता येतं. माजी विद्यार्थ्यांनी तसं घेतलंय. ते राहतात याच छपराखाली, पण दारावर पाटी त्यांची. उद्या निघाले तर पत्ता सोबत घेऊन जातील. हे मी इतरांना आधी सांगायला हवं होतं.

आणि कोणी दुकान थाटणार असेल, ऑनलाइन पैसे घेणार असेल, तर त्याला मी आत घेत नाही. एका भजनी मंडळाच्या पासवर्डवर कोणाचे पैसे अवलंबून असू नयेत. तिथे मी तुमच्याच पक्षात.

तुमच्या प्रतिक्रियेनंतर तीन गोष्टी केल्या. लेखातलं ‘सातही साइट पूर्ण स्वतंत्र आहेत’ हे वाक्य काढून टाकलं. वाचनालयाच्या त्या कार्यकर्तीला दुसरी सुपर अ‍ॅडमिन केलं. तिने पहिल्याच दिवशी फाइलची मर्यादा वाढवली, मला न विचारता, आणि ते बरं झालं. बॅकअपची एक प्रत आता होस्टिंगच्या बाहेर, वाचनालयाच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर जाते.

चौथी राहिली आहे. मूळ डोमेन अजून माझ्या नावावर, माझ्या कार्डावर आहे. नूतनीकरण नोव्हेंबरात येतं. ते वाचनालयाच्या संस्थेच्या नावावर करायचा विषय चवथीनंतरच्या सभेत ठेवलाय, अध्यक्षांनी ‘डोमेन म्हणजे नक्की काय’ ते एका पानात लिहून मागितलंय. तुम्ही चवथीला गावी येणार असाल तर ते पान एकदा नजरेखालून घाला.