पिक्चर माझा की कोणाचा?

बास झालं आता. इथे अमेरिकेत पिक्चरच्या ब्लू-रे डिस्कच्या डब्यात एक चिठ्ठी येते, तिच्यावर डिजिटल कोड असतो, तो टाकला की पिक्चर आपल्या ऑनलाइन अकाउंटला येतो, आणि ज्याला फक्त डिस्क हवी असते तो ती चिठ्ठी चार-पाच डॉलरला विकून टाकतो. स्वस्तात कलेक्शन होतं म्हणून मी घेतो. पण समोरचा काय पाठवतो? चिठ्ठीचा हललेला फोटो! तो शून्य आहे की ओ? आठ आहे की बी? डोळे फोडून सगळी कॉम्बिनेशन्स टाकून बघायची आणि शेवटी स्क्रीनवर काय, तर कोड आधीच वापरलाय. विचारलं तर मेसेज वाचतो आणि गप्प बसतो. अरे, पाच डॉलरसाठी किती खोटं वागायचं माणसाने?

साध्या एचडीचा कोड त्याहून स्पष्ट फोर-के म्हणून गळ्यात मारतात ते वेगळंच.

आणि कोड चालला तरी सुख आहे का? मूव्हीज एनीव्हेअर ही वेगवेगळ्या अ‍ॅपवरची अकाउंट्स जोडणारी सेवा आहे, तिच्यामुळे डिस्ने, सोनी, युनिव्हर्सल, वॉर्नर या स्टुडिओंचे पिक्चर कुठल्याही जोडलेल्या अ‍ॅपवर दिसतात, चांगली सोय आहे, पण पॅरामाउंट आणि लायन्सगेट त्यात नाहीतच, मग ते शोधत बसा या अ‍ॅपमधून त्या अ‍ॅपमधे. अल्ट्राव्हायोलेट ही अशीच जुनी सेवा तर 31 जुलै 2019 ला बंदच झालं, आधी दुसरीकडे अकाउंट जोडा म्हणून लोकांना पळवलं. का पळायचं? पैसे मोजलेत ना? बटणावर 'विकत घ्या' लिहिता, आणि खाली बारीक अक्षरात म्हणता की हे फक्त लायसन्स, म्हणजे बघायची परवानगी आहे. मग बटणावरच लिहा ना तसं, मोठ्या अक्षरात!