‘नॅव्हिगेशन’ हा शब्द ‘नवगति’पासून आलेला नाही

दर काही महिन्यांनी तोच मेसेज पुन्हा फिरत येतो: जहाज चालवण्याची कला ६,००० वर्षांपूर्वी सिंधू नदीत जन्मली, ‘नॅव्हिगेशन’ हा शब्द संस्कृत ‘नवगति’वरून आला आणि ‘नेव्ही’ हा ‘नौ’वरून. संस्कृतवर माझा जीव आहे, म्हणूनच हे खोडून काढावंसं वाटतं.

आधी ‘नवगति’. संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवा, नाहीतर नऊ. नावेची गती म्हणायची असेल तर समास ‘नौगति’ होईल. पुढे स्वर आला की ‘नौ’चं ‘नाव्’ होतं (नौ + इक = नाविक), पण ‘नव’ होत नाही. जिचा गौरव करायचा, तिचंच व्याकरण इथे मोडलं आहे.

शिवाय शब्द चुकीच्या जागी तोडलाय. लॅटिनमध्ये ‘नाविस’ म्हणजे जहाज आणि ‘अगेरे’ म्हणजे हाकणं. दोन्ही मिळून ‘नाविगारे’ हे क्रियापद झालं आणि त्याचं नाम १६व्या शतकात इंग्रजीत पोचलं. शेवटचं ‘गेशन’ म्हणजे गती धरली, तर ‘लिटिगेशन’ आणि ‘फ्युमिगेशन’मध्येही गती शोधावी लागेल. फ्युमिगेशन म्हणजे धुरी देणं. त्यातला लॅटिन ‘फूमुस’ आपल्या ‘धूम’चा सख्खा भाऊ आहे, पण गती त्यात कुठेच नाही. ‘अगेरे’चा संस्कृत भाऊ आहे ‘अज्’ हा धातू, अर्थ तोच, हाकणं. आणि ‘गति’ची युरोपातली बहीण ग्रीक ‘बासिस’, म्हणजे इंग्रजीतला ‘बेसिस’! मूळचा ‘ग्व’ ध्वनी ग्रीकमध्ये ‘ब’ झाला, संस्कृतात ‘ग’. अशी खरी नाती समोर असताना खोटी कशाला जोडायची?

‘नेव्ही’ जुन्या फ्रेंचमधून आला, तोही ‘नाविस’च्याच घरातला. ‘नौ’, ‘नाविस’ आणि ग्रीक ‘नाउस’ ही भावंडं आहेत, त्यातलं कुणी कुणाचं आईबाप नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून निघाल्या आणि तो उगम कदाचित आता उरलाही नसेल, हे भाषांचे अभ्यासक विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यात सांगितलं होतं.

राहिली सिंधू. हडप्पा संस्कृतीची मोठी नगरं साधारण इ.स.पू. २६००च्या सुमाराची, म्हणजे ६,००० हा आकडा फुगवलेला आहे. पण आजच्या इराकमधल्या प्राचीन अक्कडचा राजा सारगोन आपल्या धक्क्याला मेलुहाची जहाजं लागल्याचं सांगतो, आणि मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. ऋग्वेदात अश्विनीकुमार समुद्रात सापडलेल्या भुज्यूला शंभर वल्ह्यांच्या नावेतून घरी आणतात: ‘शतारित्रां नावम्’. त्यातली ‘नाव’ आपण आजही रोज बोलतो.