वैराटच्या हवेनं दमा जात नाही, पंप सोडू नका

आमच्या मोठ्याईचा दम्याचा पंप परवा कणकेच्या डब्यामागं सापडला. विचारलं तर म्हणे, "आता कायले ओढू? दिवाळीनंतर आठ दिवस चिखलदऱ्याले जाऊन राह्यतो." मोबाइल पुढं केला. तोच मेसेज, जो महिनाभरापासून परतवाडा-अंजनगावच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय : चिखलदऱ्याजवळचं वैराट हे सातपुड्यातलं सर्वात उंच शिखर, तिथं बर्फ पडतो, डोंगरात जिवंत ज्वालामुखी आहे, आणि हवेत ऑक्सिजन दुप्पट असल्यानं आठ दिवसांत दमा मुळासकट जातो, पंप फेकून द्या.

आधी ऑक्सिजनचंच घेतो, कारण बाकीच्या थापांनी कोणाचा श्वास अडकत नाही. हवेतला ऑक्सिजनचा वाटा खाली-वर सगळीकडं 21 टक्केच. उंचावर हवाच विरळ होते, म्हणून एका श्वासात तो कमी मिळतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास, म्हणजे समुद्रकाठापेक्षा सुमारे 12 टक्के कमी. दुप्पट कुठून येणार? परतवाड्यात घेतलेलं चिप्सचं पाकीट घाट चढून वर पोचेस्तोवर टम्म फुगतं, ते याच विरळ हवेमुळं. एवढ्या उंचीचा धडधाकट माणसाला त्रास नाही, पण दम्याच्या माणसाला थंड कोरडी हवा उलट उबळ आणू शकते.

आणि पंप. दम्याच्या उपचारासाठी जगभरचे डॉक्टर जी 'जीना' मार्गदर्शिका वापरतात, ती 2019 पासून सांगते की मोठ्या माणसांना नुसत्या श्वासनळी उघडणाऱ्या औषधावर ठेवू नका, श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड हवंच. नळीची सूज त्यानं आटोक्यात राहते. बरं वाटतंय ते पंपामुळं, आणि बरं वाटतंय म्हणून पंप बंद, हे मोठ्याईला समजवता समजवता माझाच दम निघाला.

उंचीचं एका ओळीत : वैराट जेमतेम बाराशे मीटर, सातपुड्यातलाच पचमढीचा धूपगड साडेतेराशे. आपल्या गाविलगडच्या रांगेत वैराट उंच, हे कबूल.

मेसेजमधल्या बर्फाच्या फोटोत हिमालयातले देवदार आहेत. मेळघाटात सागवान उगवतं, बाबा! हां, डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री गवतावरचं दंव गोठून पांढरं होतं, ते खरं. पण ते जमिनीवरच तयार होतं, आभाळातून पडत नाही.

ज्वालामुखीत अर्धं खरं आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. गाविलगडचा काळा दगड लाव्ह्याचाच. पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहून थरावर थर साचला आणि केव्हाच थंड झाला.

थंडावा मात्र खोटा नाही. हजार मीटरमागं तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्या हिशेबानं परतवाड्यापेक्षा वर चार-पाच अंश कमी. मोठ्याईला नेणारच आहे. पंप तिच्या बटव्यात नाही, माझ्या खिशात राहील.