साडेदहा फुटांचं काय करायचं?

पॅडलबोर्ड, म्हणजे पाण्यावर उभं राहून वल्हवायची फळी, वजनाने कुणालाच जड जात नाही. साडेदहा फुटी कडक बोर्ड भरतो अकरा ते पंधरा किलो. धडधाकट माणूस मधल्या खाचेत बोटं घालून तो एका हाताने काखेत मारतो, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. हलकी वस्तू आहे, कुठेही राहील, या भरवशावर ती घरी येते. घरी आल्यावर कळतं की एका गाडीच्या गॅरेजची रुंदी साधारण तीन मीटर आणि बोर्डची लांबी तीन मीटर वीस. आडवा जात नाही. उभा करावा तर छत आठ फुटांवर. मग शाळा सुटल्यानंतर प्रथमच माणसाला पायथागोरस आठवतो आणि तो बोर्ड कर्णावर ठेवून बघतो. कर्णावर बोर्ड झकास बसतो. मग फक्त गाडी बसत नाही.

राहता राहिल्या दोन जागा: गाडीला समांतर असलेली लांब भिंत आणि छत. या दोन्ही जागांवर आधीच कुणाचा तरी हक्क असतो. भिंतीवर गाडीच्या दाराचा, छतावर शटरचा. म्हणून माझा आग्रह असा की टेप काढलीच आहे तर बोर्ड मोजू नका, त्याची लांबी त्याच्यावर छापलेली असते. गाडी आत घ्या, तिची दारं सताड उघडा, शटर पूर्ण वर करा आणि मग जे उरतं ते मोजा. बंद शटर आणि रिकामं गॅरेज मोजणाऱ्याला घर फार मोठं वाटतं.

शॉर्टबोर्डवाल्यांनी, म्हणजे लाटांवरच्या आखूड सर्फबोर्डवाल्यांनी, हे वाचून हसू नये. सहा फुटांचा, तीन किलोचा बोर्ड कोपऱ्यात उभा राहतो हे खरं. पण नुसता टेकवलेला बोर्ड उभा नसतो, पडायच्या बेतात असतो. शटर धाडकन आपटलं की तो घसरतो, आणि शेजारी दुसरा असेल तर त्यालाही घेऊन जातो. शेपटाखाली जाड रबरी चटई आणि खांद्याच्या उंचीवर भिंतीला एक पट्टा, एवढ्यात भागतं. चटई नसेल तर फरशीवर शेपटाचा टवका उडतो. आतला फोम उघडा पडला की तिथून पाणी शिरायला वाट होते.

आता भिंत. भिंतीवरच्या रॅकला दोन हात असतात आणि ते किती अंतरावर बसवायचे यावर दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांची मतं असतात. पॅडलबोर्डच्या बाबतीत उत्तर बोर्डवरच आहे. उचलायची खाच जिथे असते, तिथे त्याचा तोल असतो. ती खाच दोन हातांच्या बरोबर मध्ये यायला हवी आणि हातांमधलं अंतर चार ते पाच फूट. बहुतेक लोक लांबीचा मध्य काढतात. पण नाकाकडची आणि शेपटाकडची बाजू सारख्या वजनाची नसते, त्यामुळे बोर्ड एका हातावर जास्त रेलतो आणि त्या हातावरचं फोमचं आवरण आधी फाटतं.

बोर्ड सपाट ठेवायचा की कडेवर, हा पुढचा पेच. पॅडलबोर्डची रुंदी तीस ते चौतीस इंच. सपाट ठेवायचा तर हातही तेवढेच बाहेर येणार, म्हणजे गॅरेजचा जवळजवळ मीटरभर पट्टा गेला. डोक्याच्या वर, जमिनीपासून सहा-सात फुटांवर असेल तर चालेल, नाहीतर कपाळ आणि रॅकची रोज भेट होत राहील. कडेवर ठेवला तर आठ-नऊ इंचांत भागतं, पण बोर्ड बाहेरच्या बाजूला कलंडायला बघतो. म्हणून हात टोकाला वर वळलेले हवेत आणि वर एक सैल पट्टा हवा. सैल म्हणतोय ते मुद्दाम. पट्टा करकचून आवळला की काही महिन्यांत कडेवर त्याच रुंदीची खळी पडते.

तोंड कुठे करायचं? पॅडलबोर्डच्या पाठीवर फोमची गादी चिकटवलेली असते, ती खुशाल भिंतीकडे करा. सर्फबोर्डच्या पाठीवर मेण असतं, आणि उन्हाळ्यात ते मेण भिंतीवर जी नक्षी काढतं ती रंगाऱ्यालाही पुसता येत नाही. तो पोटाच्या बाजूने भिंतीला लावा. आणि दोन्ही बाबतींत फिन, म्हणजे शेपटाजवळ पोटाला बसवलेला माशासारखा पर, आधी काढा. पॅडलबोर्डची मधली फिन नऊ-दहा इंचांची असते. अंधारात तिच्याशी गाठ पडलेला माणूस त्या दिवशी पाण्यात जात नाही.

रॅक पडतात ते बोर्डच्या वजनाने नव्हे. थोडं गणित बघा. तेरा किलोचा बोर्ड दोन हातांवर, म्हणजे एका हातावर साडेसहा. वजन भिंतीपासून ४० सेंटिमीटरवर आहे आणि भिंतीवरची पट्टी २० सेंटिमीटर उंच आहे असं धरलं, तर वरच्या स्क्रूवर बाहेर ओढणारा जोर तेरा किलोच्या आसपास येतो. काहीच नाही. पण कुणीतरी बुटाची नाडी बांधताना त्याच हाताच्या टोकाला, ८० सेंटिमीटरवर, तीस किलोचा भार टाकतं, आणि स्क्रूवरचा जोर एकदम १२० किलोंनी वाढतो. रॅक भिंतीतून निघतो आणि दोष बोर्डला दिला जातो.

म्हणून पकड नीट हवी. विटांची भिंत असेल तर गिलाव्याचा थर मोजू नका, तो शोभेचा. स्क्रू धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा प्लग गिलावा ओलांडून विटेच्या अंगात पन्नासेक मिलिमीटर गेला पाहिजे, विटांमधल्या सांध्यात नव्हे. भोक पाडल्यावर आतली भुकटी फुंकून काढा. भुकटीत बसवलेला प्लग स्क्रूबरोबर स्वतःच गोल फिरत राहतो आणि आपण आणखी जोर लावत राहतो. पोकळ ब्लॉक असतील तर साधा प्लग पोकळीत लोंबकळतो, तिथे पोकळीत पसरणारा फास्टनर लागतो. आणि लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकलेली भिंत असेल तर आतले उभे वासे शोधल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नये. ते बहुधा ४० किंवा ६० सेंटिमीटरवर असतात. ज्या खिळ्यांनी जिप्सम बोर्ड त्यांना जोडलेला असतो ते लोहचुंबकाला सापडतात. चार-पाच फुटांच्या अंतरात दोन वासे हमखास मिळतात, त्यामुळे रॅक सोयीप्रमाणे नव्हे, वाशांप्रमाणे सरकवायचा.

छताकडे माणूस शेवटी वळतो, कारण ते रिकामं दिसतं. गुंडाळणाऱ्या शटरऐवजी रुळांवरून सरकणारं आडव्या पटांचं दार असेल तर ते वर जाताना छताखाली आडवं होतं आणि आपण रिकामी समजत असलेली जागा व्यापतं. मोकळं राहतं ते दाराच्या रुळांच्या वरचं, आणि रुळांच्या पलीकडचं मागच्या भिंतीपर्यंतचं. तिथे कप्प्या, पट्टे आणि बोर्ड मिळून वरून फूटभर तरी खाली येणार हे आधी धरा. कल्पक मंडळींना मग एक युक्ती सुचते: रूळ आहेतच, त्यांनाच बोर्ड लटकवू! हे करू नये. रूळ दारापुरते बांधलेले असतात. जादा वजनाने ते किंचित जरी वाकले तरी चाकं अडकतात, दार तिरकं होतं आणि वेळ वाईट असेल तर रुळावरून उतरतं. दार उघडणाऱ्या मोटरची, म्हणजे ओपनरची, मधली दांडी आणि दारावरची ताणलेली स्प्रिंग यांच्या तर वाटेलाही जाऊ नका. त्या स्प्रिंगमध्ये अख्ख्या दाराचं वजन उचलायची ताकद कोंडलेली असते.

काँक्रीटच्या स्लॅबला टांगताना प्लॅस्टिकचा प्लग वापरायचा नाही. तिथे भार सरळ खाली ओढतो, त्यामुळे धातूचे पसरणारे अँकरच हवेत. लाकडी तुळई असेल तर जेमतेम दीड इंच रुंद असते. आकडा तिच्या मधोमध जायला हवा, आणि आधी बारीक भोक पाडून मगच पिळायला हवा, नाहीतर तुळई चिरते. कप्प्यांवर बोर्ड वर घेताना दोन्ही टोकं सारखी चढत आहेत ना हे बघत राहा. एक पट्टा सरकला की नाक वर, शेपूट खाली, आणि साडेदहा फूट एकदम गाडीच्या काचेच्या दिशेने निघतात. दोरीला आपोआप धरणारा ब्रेक असला तरी वर गेल्यावर दोरी खुंटीला बांधायचीच. ब्रेकवर माझा विश्वास आहे, पण खुंटीवर जास्त आहे.

छताची खरी अडचण मात्र उष्णतेची. गरम हवा वर जाते हे सगळ्यांना पाठ असतं, पण बोर्ड टांगताना कुणाला आठवत नाही. पत्र्याचं छत असेल तर वरचा एक फूट म्हणजे भट्टीच. हल्लीच्या बहुतेक कडक पॅडलबोर्डमध्ये आत थर्माकोल असतो आणि वर काचतंतू आणि इपॉक्सीचं कवच. नेहमीच्या तापमानाला घट्ट झालेलं इपॉक्सी ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि त्याच वेळी आतली हवा फुगत असते. कवच फोमपासून सुटतं आणि तिथे फोड येतो. बोटाने दाबला की खालीवर होतो. सगळे तो दाबून बघतात, दाबून बरा होत नाही. म्हणून अनेक बोर्डांना आतली हवा बाहेर सोडणारी बारीक झडप दिलेली असते. काहींत ती आपोआप श्वास घेते, काहींत साधा स्क्रू असतो. स्क्रूवाली असेल तर गॅरेजमध्ये सैल ठेवायची आणि पाण्यात उतरण्याआधी आवळायची. दुसरा भाग जो विसरतो त्याचा बोर्ड सहलीहून जड होऊन परततो. खिडकीतून ऊन येत असेल तर बोर्ड पिवळा पडतो. काळ्या पिशवीत घालून त्याच उन्हात ठेवला तर पिवळा पडत नाही, शिजतो.

गॅरेजमधली बाकीची बिऱ्हाडंही बघून घ्या. थिनर, अॅसिटोन, पेट्रोल ही मंडळी थर्माकोलला विरघळवतात. टवका उडालेला बोर्ड आणि वरच्या फळीवर गळका डबा हा योग टाळावा. दुरुस्तीचं किट घेतानाही हेच: पॉलिएस्टर रेझिन थर्माकोलवर ओतलं की छोट्या भोकाचं मोठं भोक होतं. तिथे इपॉक्सीच हवं. आणि बोर्ड पायाला बांधायची दोरी बोर्डभोवती गुंडाळून ठेवू नका, तिला तशाच वेटोळ्यांची सवय लागते. सरळ लोंबती सोडा.

इथवर आलेला शहाणा माणूस म्हणतो, हवेचा बोर्ड घेऊ, गुंडाळला की तीन फुटी पिशवी. बरोबर आहे, पण हवेचा बोर्ड कारखान्यात एकदाच त्या पिशवीत नीट बसलेला असतो. पुन्हा तसा बसवायचा तर व्हॉल्व्ह ज्या टोकाला आहे त्याच्या विरुद्ध टोकाकडून गादीसारखा गुंडाळत यायचं, व्हॉल्व्हची पिन दाबून फिरवून खाली अडकवलेली हवी, आणि उरलेली हवा पंप उलटा जोडून ओढून घ्यायची. त्याआधी तो कोरडा हवा, विशेषतः हँडलखाली, कड्यांभोवती आणि गादीच्या खाचांत. ओला गुंडाळला तर बुरशीच्या वासाने पिशवी स्वतःच गॅरेजबाहेर जायला निघते.

फुगवलेलाच ठेवायचा असेल तर आधी हवा बरीच कमी करा. २७ अंशांना १५ पीएसआय भरलेला बोर्ड ५७ अंशांच्या गॅरेजमध्ये साधारण १८ दाखवेल. आपण हात न लावता कुणीतरी पंप मारून गेल्यासारखा. आणि उंदरांना हा बोर्ड आवडतो. म्हणून पिशवी जमिनीवर ठेवू नये.

काढलेल्या फिन कुठे ठेवायच्या हे ठरवलं नाही तर वरची सगळी मेहनत वाया. मधल्या फिनचा स्क्रू ज्या छोट्या चौकोनी पट्टीत बसतो, ती पट्टी खाचेत सरकते, खाचेतून बाहेर येते आणि तिथून थेट गाडीखाली जाते. फिन काढल्या काढल्या स्क्रू त्याच पट्टीत, फिनच्याच भोकातून पिळून ठेवा. नवा जोड घ्यायची वेळ आली तर आटे बघा: मिलिमीटरचे आणि इंचाचे दोन्ही मिळतात, एकमेकांत दोन फेरे सुखाने जातात आणि तिसऱ्याला घट्ट बसतात. सर्फबोर्डच्या लहान फिनना लागणारी अॅलन की ३/३२ इंचाची असते. घरातली अडीच मिलिमीटरची त्यात जात नाही आणि दोनची आत नुसती गोल फिरून स्क्रूचं डोकं खाते. बरोबर मापाची दोन घ्या, एक रॅकच्या हाताला दोरीने बांधा आणि दुसरी गाडीत ठेवा.