लढाईचा उल्लेख नाही

आज सकाळी इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात गेले होते. पेन्सिल्व्हेनियात अशा बाजारांत अमेरिकेच्या यादवी युद्धातलं काहीतरी निघतंच, बटणं, बंदुकीच्या गोळ्या, फोटो. आज एका टेबलावर सैनिकांची पत्रं होती. प्रत्येक पत्र प्लास्टिकच्या कव्हरात, वर किमतीची चिठ्ठी. गेटिसबर्गच्या प्रसिद्ध लढाईचं नाव असलेलं पत्र साडेचारशे डॉलरला. शेजारच्या खोक्यात तीस-तीस डॉलरवाली, आणि त्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं : लढाईचा उल्लेख नाही.

पाकिटं तिसऱ्याच खोक्यात. तिकिटं आणि टपालाचे शिक्के जमवणारं गिऱ्हाईक वेगळं, म्हणून पत्र आणि पाकीट यांची ताटातूट करून टाकलेली. पत्रावर नुसतं 'प्रिय पत्नीस'. कोणाची पत्नी, कुठल्या गावची, ते पाकिटावर होतं. डोकं फिरलं माझं. घरी येऊन दोन तास झाले तरी राग जात नाहीये, म्हणून लिहितेय.

अरे, 1861 ते 1865 अशी चार वर्षं उत्तरेतल्या आणि दक्षिणेतल्या राज्यांत चाललेलं युद्ध. त्यातले लढाईचे दिवस किती आणि छावणीतले किती? निदान 6 लाख 20 हजार सैनिक मेले, आणि त्यातले साधारण दोन तृतीयांश हगवण, विषमज्वर, गोवर असल्या रोगांनी. मग ज्या पत्रात पोट बिघडल्याचं लिहिलंय, ओल्या बुटांचं लिहिलंय, शेजारी झोपणारा पोरगा काल गेला असं लिहिलंय, त्या पत्रात युद्ध नाही? कुठल्या तोंडाने इतकी कमी किंमत लावता?

दोन हिवाळ्यांपूर्वी मी एका छोट्या संग्रहालयात अशी पत्रं टाइप करून द्यायला जायचे. माझ्या वाट्याला उत्तरेच्या फौजेतला एक शेतकरी आला होता. 1863 चा फेब्रुवारी, व्हर्जिनियातली छावणी, फ्रेडरिक्सबर्गचा पराभव होऊन दोन महिने झालेले. पराभवाबद्दल अक्षर नाही. गाय विकावी का, कुंपण कोणाकडून बांधून घ्यावं, पगार अजून आला नाही. कागद संपला तेव्हा त्याने तोच कागद आडवा फिरवून आधीच्या ओळींवरूनच पुढचं लिहिलेलं. शुद्धलेखन कानाला ऐकू येईल तसं. एक ओळ मला तीन संध्याकाळी लागली नाही. शेवटी शेजारी बसणारे आजोबा म्हणाले, डोळ्यांनी वाचू नकोस, मोठ्याने वाच. वाचली. तो बायकोला सांगत होता की धाकटीला कागदावर उभी कर, पेन्सिलीने तिच्या पावलाभोवती रेघ ओढ आणि तो कागद मला पाठव. किती वाढली ते बघायचंय.

आज बाजारात त्या खोक्यासमोर उभी होते तेव्हा हीच ओळ आठवत होती. तीस डॉलर. लढाईचा उल्लेख नाही.

आणि ही पत्रं तेव्हा सहसा कोणी उघडून बघत नव्हतं, हे लक्षात घ्या. पुढच्या महायुद्धांत सैनिकाच्या पत्रावर अधिकाऱ्याची कात्री चालायची. या युद्धात तशी नेमाने तपासणी नव्हती, म्हणून माणसं मोकळेपणाने लिहायची. कप्तान दारुडा आहे, मला घरी यायचंय, सगळं. तीन सेंटचं तिकीट. तेवढे पैसेही नसले तर पाकिटावर 'सोल्जर्स लेटर' असं लिहायचं आणि पैसे घरच्यांनी भरायचे. दक्षिणेत तर कागदाचा इतका दुष्काळ की आलेलं पाकीट उलटं करून पुन्हा वापरत. म्हणजे पाकीटसुद्धा दोन घरांचा इतिहास असतो, आणि तुम्ही ते तिकिटासाठी तोडता!

सगळ्यांना माहीत असतं ते एकच पत्र, सलिव्हन बलूचं, बुल रनच्या लढाईच्या आठवडाभर आधी बायकोला लिहिलेलं. सुंदर आहे, मान्य. पण तो वकील होता, मेजर होता, भाषा हाताशी असलेला माणूस. ज्याला 'पाऊल' हा शब्दही धड लिहिता येत नाही त्याने बायकोवरचं प्रेम कसं लिहायचं? तो पावलाची रेघ मागतो.

जेम्स हेन्री गुडिंग घ्या. 54व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटमधला कृष्णवर्णीय कॉर्पोरल. सप्टेंबर 1863 मध्ये त्याने थेट लिंकनला पत्र लिहिलं. गोऱ्या सैनिकाला 13 डॉलर, आम्हाला 10 आणि त्यातूनही कपड्यांचे 3 कापणार. आम्ही सैनिक आहोत की मजूर, हा त्याचा सवाल. अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, पगार सारखा केला जून 1864 मध्ये, आणि जुलैत गुडिंग अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या तुरुंगात मेला. किंवा स्पॉट्सवुड राइस. मिझुरीतला गुलाम, पळून सैन्यात गेलेला. 1864 मध्ये इस्पितळातून अजून गुलामीत असलेल्या आपल्या मुलींना लिहितो की मी तुम्हाला न्यायला येतोय. आणि एका मुलीच्या मालकिणीला वेगळं पत्र, की जितके दिवस माझं लेकरू अडवशील तितके दिवस नरकात जळशील. हे वाचून माझे हात थरथरले होते. युद्ध कशासाठी होतं हे या दोन पत्रांत आहे. लावा यांना किमतीची चिठ्ठी.

दक्षिणेकडच्या पोरांची पत्रं वाचतानाही जीव तुटतो, आणि पुढच्याच ओळीत गुलामाच्या किमतीची चौकशी येते. ती ओळ गाळून वाचणाऱ्यांचा मला तितकाच राग आहे.

बरं, त्या विक्रेत्याने निदान पत्रं फेकली नाहीत. माळे साफ करताना लोक कचऱ्यात टाकतात, तो विकत घेतो, एवढं त्याचं खरं.

आणि बायकांची पत्रं? ती जवळजवळ नाहीतच. नवऱ्याची पत्रं घरी पेटीत राहिली. तिची पत्रं त्याच्या पाठपिशवीत भिजली, लढाईआधी जाळली, त्याच्याबरोबर पुरली गेली. माझ्या शेतकऱ्याचं पुढचं पत्र मार्चमधलं आहे. कागद मिळाला, तो लिहितो, माझ्या तळहातावर ठेवून पाहिला, बोटांच्या पहिल्या पेरापर्यंत येतो. तो कागद आज कुठेच नाही. मी तेव्हा घरी येऊन स्वतःचा तळहात किती वेळ बघत बसले होते.

तर आज मी काय केलं सांगते. त्या तीस डॉलरच्या खोक्यातली दोन पत्रं घेतली आणि त्या माणसाला म्हटलं, पाकिटांचं खोकं द्या, मी इथेच बसते. शाईचा रंग, इंग्रजी 'टी'चा दांडा, घडीची खूण बघत बसले. तो आधी वैतागला, मग दुसरी खुर्ची आणून स्वतःच शोधायला बसला. दीड तासाने एकाचं पाकीट सापडलं. त्याने पाकिटाचे पैसे घेतले नाहीत.

त्या पत्नीचं नाव कळलं. गाव कळलं, इथून चाळीस मैलांवर आहे.

दुसऱ्याचं नाही सापडलं. ते पत्र आता समोर आहे, पहिल्याच ओळीतला एक शब्द लागत नाहीये. मोठ्याने वाचतेय.