‘किल्ला पाहणे’ म्हणजे बसच्या काचेतून?

“ते बघा वर, तो असिसीचा किल्ला. पटापट फोटो काढून घ्या, वळणानंतर दिसणार नाही.”

इटलीतल्या असिसी गावाजवळ चालत्या बसमध्ये माईकवर एवढं सांगितलं आणि टूर मॅनेजरच्या लेखी ‘मध्ययुगीन किल्ला पाहणे’ संपलं. कार्यक्रमपत्रिकेत अगदी हेच शब्द छापलेत. मी कागद पुढे केला तर म्हणतो, “पाहणे म्हणजे बाहेरून पाहणे, सर. एंट्री असती तर एंट्री लिहिलं असतं.” आणि बाबांकडे वळून, “काका, आपल्याकडे काय कमी किल्ले आहेत का?”

माझं डोकंच फिरलं. बाबा ७१ वर्षांचे आहेत. मला सातव्या वर्षी राजगड दाखवला तो त्यांनी. या सहलीत त्यांनी स्वतःहून खूण केली होती ती फक्त रोक्का माज्जोरेवर, म्हणजे याच किल्ल्यावर.

मग मिळालेल्या ‘फ्री टाइम’च्या पन्नास मिनिटांत आम्ही दोघं सुटलो. आई संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकापाशी, तिथल्या मोठ्या चर्चपाशी बसली. सान रुफिनोच्या चर्चवरून गुलाबी-पांढऱ्या दगडांच्या गल्ल्या, पायऱ्या, मग उघडी चढण. बाबा दोनदा थांबले, तिसऱ्यांदा थांबायला तयार नव्हते. वर पोहोचून तिकीट काढलं तेव्हा घड्याळात पंधरा मिनिटं उरली होती.

तो किल्ला पंधरा मिनिटांचा नाही हो! ११९८ मध्ये असिसीच्या लोकांनी जर्मन सम्राटाच्या माणसांचा राग काढून हा पाडला, तेव्हा संत फ्रान्सिस पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा होता, याच गावातला. पुढे १३६०च्या दशकात कार्डिनल आल्बोर्नोझने पोपसाठी तो पुन्हा उभा केला. आणि तटाच्या पोटातून जाणारी ती चिंचोळी वाट! एका वेळी एकच माणूस, अंधार, मध्येच जंग्यांमधून, म्हणजे मारा करायच्या भोकांमधून पडणारी उजेडाची पट्टी. ती पार टोकाच्या बहुकोनी बुरुजापर्यंत जाते. बाबा आत शिरले, भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, “अरे, ही तर राजगडच्या संजीवनी माचीची, दोन तटांमधली चिलखती वाट. फक्त वरून झाकलेली.”

तेवढ्यात फोन. “सर, कुठे आहात? सगळी बस तुमच्यासाठी खोळंबलीये.”

निम्म्या वाटेतून मागे फिरलो. समोरून येणाऱ्यांना भिंतीला चिकटवत, माफी मागत. उतारावर बाबांचा गुडघा धरला. धापा टाकत बसपाशी आलो तर बसमध्ये ड्रायव्हर आणि चार माणसं. बाकीचे कुठे? खरेदीला! मॅनेजरनेच नेलेल्या दुकानात. फ्रिजला चिकटवायचे चुंबक, चामडी पाकिटं, लाकडी क्रॉस. तब्बल पस्तीस मिनिटं आम्ही बसमध्ये बसून होतो. पस्तीस! त्यात बुरूज चढून, वरून अख्खं खोरं बघून, शांतपणे खाली आलो असतो.

आणि हे रोजचंच आहे. पहाटे साडेपाचला उठवायचं कशासाठी, तर दुपारी बाराला मैल मैल लांबच्या भारतीय हॉटेलात पनीर गिळायला. बॅसिलिकाच्या वरच्या मजल्यावर फ्रान्सिसच्या आयुष्याची २८ भित्तिचित्रं आहेत, चित्रकार जोत्तोच्या नावाने ओळखली जातात. १९९७च्या भूकंपात तिथलं छत कोसळून चार माणसं गेली, तुकडे वेचून वेचून छतावरची चित्रं जोडली. त्या सगळ्याला आम्हाला वीस मिनिटं, तीही “चला चला, पुढे सरका” ऐकत. पिसाला अर्धा तास. स्वच्छतागृहाच्या रांगेत मात्र हवा तेवढा वेळ. लाखो रुपये मोजून माणूस हे सहन करतो आणि मागून कोणी म्हणतं, “जाऊ दे ना, ग्रुप टूर म्हटल्यावर चालायचंच.” का चालायचं? किल्ला छापताना लाज वाटत नाही, दाखवताना वेळ नाही?

रात्री हॉटेलवर बाबा गुडघ्याला मलम चोळत होते. म्हणाले, “त्या टोकाच्या बुरुजावर चढायला जिना आतूनच असेल ना रे?” मला सांगता आलं नाही. बघितलाच नव्हता.

आत्ता मेल लिहिलाय कंपनीला. पैशांचं नंतर बघू. आधी ‘पाहणे’ या शब्दाचा त्यांच्याकडचा अर्थ मला लेखी हवाय, सहीशिक्क्यानिशी.