पगार घेतला म्हणून काम उणं ठरतं का?

नमस्कार काका, (तुम्हीच वय सत्तर लिहिलंत, म्हणून काका म्हणते.)

न्यूयॉर्कमधल्या सोशल वर्कर अँटोनिया पांतोहा यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही विचारलंत, पगार घेऊन केली ती कसली सेवा? ना अन्न वाटलं, ना कपडे. आणि संसार नव्हता, म्हणून हे जमलं.

मी ‘समाजसेविका’ लिहिलंच नव्हतं. ‘सोशल वर्कर’ लिहिलं होतं, आणि ते शिकून करायचं काम आहे. पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावर शाळेत शिकवलेली ही बाई 1944 साली न्यूयॉर्कला आली आणि पाणबुड्यांचे रेडिओ बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डिंग करू लागली. पुढे दिव्यांच्या कारखान्यात सोबतच्या कामगारांना युनियन कशी बांधायची ते सांगू लागली. 1954 मध्ये कोलंबिया विद्यापीठातून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली. डॉक्टरची फी आपण मुकाट्याने देतो. मग हिनेच का फुकट राबायचं?

वाटपाचं म्हणाल, तर ते त्यांनी मुद्दामच टाळलं. न्यूयॉर्कमधल्या शाळा पोर्तो रिकन मुलांना कॉलेजऐवजी हातकामाच्या वर्गांकडे वळवत. 1961 मध्ये पांतोहांनी ‘अस्पिरा’ ही संस्था काढली. स्पॅनिशमध्ये हे आज्ञार्थी रूप आहे: आकांक्षा धर! शाळाशाळांत मुलांचे क्लब निघाले. सोबत बसून कॉलेजचे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेतले जात. नव्या मुलांना सामील करून घ्यायच्या समारंभाला बेटावरच्या मूळ ताईनो लोकांचा शब्द होता, ‘अरेय्तो’.

आठ वर्षांचं पोर डोळ्यांपुढे आणा. भागाकार पक्का येतो, पण फळ्यावरचं गणित इंग्रजीत, म्हणून ते गप्प. अशा मुलांसाठी न्यूयॉर्कची अस्पिरा शिक्षण मंडळाविरुद्ध कोर्टात गेली. 1974 च्या ऑगस्टमध्ये मंडळाने तडजोडीत मान्य केलं की स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवू, आणि तोवर बाकीचे विषय स्पॅनिशमध्ये. काका, कपड्याचा जोड वर्षभरात विरला असता.

संसाराबद्दल मात्र माझ्याच लेखात उणीव होती. विल्हेल्मिना पेरी पांतोहांच्या आयुष्याच्या जोडीदार होत्या. 1980 च्या दशकात दोघी पोर्तो रिकोतल्या कुबुय भागात राहिल्या आणि तिथल्या लोकांना घेऊन ‘प्रोदुसिर’ ही संस्था उभी केली. हे नातं पांतोहांनी 2002 च्या आत्मचरित्रात उघडपणे मांडलं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्या गेल्या. पेरींचं नाव माझ्याकडून राहायला नको होतं. आज लेखात घातलं आहे.